शेकाचे यंत्र आणि कुलाब्यातील थंड पोकळ्या

शीळफाट्याच्या परिसरातील अनेक कर्करुग्ण किरणोपचारासाठी खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत जातात. ‘शेक घेतल्यावर अंगात किरणे राहतात काय? घरातील लहान मुलांना जवळ घ्यावे काय?’ असे त्यांचे कुटुंबीय आम्हांस विचारतात. बाहेरून दिल्या जाणाऱ्या क्ष-किरणांबाबत उत्तर निःसंदिग्ध आहे : किरणे अंगात राहत नाहीत, मुलांना अवश्य जवळ घ्यावे.

या यंत्रात तांब्याच्या पोकळ्यांची एक ओळ असते. तीत विद्युतचुंबकीय लहरी सोडल्या की, झोपाळ्याला नेमक्या क्षणी झोका मिळावा त्याप्रमाणे, इलेक्ट्रॉन पोकळीगणिक ऊर्जा घेत जातात आणि शेवटी जड धातूवर आदळून क्ष-किरण निर्माण करतात. लहर थांबली की किरण थांबले. लहरींमुळे तांबे तापते खरे. परंतु त्या सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरत्याच येत असल्याने पाणी फिरवून ती उष्णता काढून घेता येते.

संशोधनासाठी कणांचा झोत अखंड हवा असेल, तर मात्र हा उपाय अपुरा पडतो. कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्था व भाभा अणुसंशोधन केंद्र यांचे संयुक्त पेलेट्रॉन यंत्र १९८८ पासून आहे. त्यातून निघणाऱ्या जड आयनांना आणखी ऊर्जा देण्यासाठी अतिसंवाहक पोकळ्यांची जोड देण्यात आली. पहिला टप्पा २००२ मध्ये, तर सर्व २८ पोकळ्यांचे काम २००७ मध्ये पूर्ण झाले. या पोकळ्या तांब्याच्याच आहेत. आतून सुमारे दोन मायक्रॉन जाडीचा शिशाचा मुलामा आहे. द्रवरूप हेलियमने सुमारे उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलेले शिसे अतिसंवाहक होते व भिंतीत वाया जाणारी ऊर्जा अत्यल्प उरते.

खरी कसोटी येथून पुढे आहे. प्रवाह पृष्ठभागाच्या मायक्रॉनच्या अंशाएवढ्या थरातूनच वाहतो. त्यामुळे पोकळीची कामगिरी त्या थरावर अवलंबून असते. दमट हवेने शिसे काळवंडते. धुळीचा एखादा कण राहिला, तर प्रबळ क्षेत्रात तेथून इलेक्ट्रॉन उसळतात, जागा तापते आणि अतिसंवाहकता कोलमडते. अलीकडील यंत्रांत पोकळ्या नायोबियम धातूच्या असतात. त्यांचा आतील पृष्ठभाग आम्लाने झिजवून गुळगुळीत करतात, निर्वात भट्टीत तापवून आत मुरलेला हायड्रोजन घालवतात, अतिशुद्ध पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात आणि गाळलेल्या हवेच्या दालनात जुळणी करतात. आमच्या शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांना हा विधी ओळखीचा वाटेल; तेथे शत्रू जंतू नव्हे, धूळ असते, इतकेच. एवढे करूनही लहरींचे बळ तासन्‌तास हळूहळू वाढवून पोकळी ‘रुळवावी’ लागते.

किरणोपचारास असा थंडावा लागत नाही. रुग्णालयात अतिसंवाहकता भेटते ती एम.आर.आय.च्या चुंबकात, आणि तेथे नियम नेमका उलटा आहे : तपासणी संपली तरी बहुतेक यंत्रांतील चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन त्या कक्षात गेलेल्या एका रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. कक्षाच्या दाराशी किल्ल्या, नाणी, केसांच्या पिना काढून ठेवण्यास सांगितले जाते, ते याच कारणाने.