लहान तळी आणि लहान अनुदाने

बंगळूरच्या बसवनगुडी भागातील महानंदीच्या देवळापाशी वृषभावती नदी उगम पावते, अशी परंपरागत समजूत आहे. तिच्याच खोऱ्यात, देवळापासून जवळ, केंपेगौडाने सोळाव्या शतकात बांधलेला केंपांबुधी तलाव आहे. त्या काळी अशा तलावांच्या साखळ्या असत. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात उतरत असे. पुढे शहर वाढले आणि पावसाच्या पाण्याच्या वाटेने सांडपाणी येऊ लागले. असा तलाव पुन्हा जिवंत करावयाचा, तर पैसा कोठून आणावयाचा?

हा प्रश्न एका तलावाचा नाही. २०११ च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात देशातील ७,५७,०६० पाणथळ जागांची नोंद झाली. त्यांपैकी ५,५५,५५७ जागा सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे सुमारे साडेपाच एकरांहून लहान आहेत. अनुदानाची व्यवस्था मात्र मोठ्या कामांच्या मापाने आखलेली असते. केंद्र सरकारच्या २०१३ च्या एकत्रित योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला. प्रस्ताव राज्याने पाठवावयाचा, अंदाजपत्रक जोडावयाचे आणि झालेल्या खर्चाचा हिशेब द्यावयाचा. पाणथळ जागांविषयीच्या १९७१ च्या रामसर करारानेही विकसनशील देशांतील छोट्या प्रकल्पांसाठी १९९० मध्ये लघु अनुदान निधी स्थापन केला होता.

अंदाजपत्रकात जे मोजता येते तेच सहज मांडता येते: इतका गाळ उपसला, इतका बांध घातला. परंतु हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतवार आणि चिखल्या वीतभर पाण्यात व ओल्या चिखलात भक्ष्य टिपतात. तलाव सगळीकडून खोल खणला आणि काठ उभे केले, तर पाणी वाढते, पण हे पक्षी उपाशी राहतात. चांगल्या हेतूने दिलेला पैसा अशा रीतीने अधिवासच नष्ट करू शकतो. शिवाय काम संपले की अनुदान संपते. जलपर्णी काढणे, सांडपाणी अडविणे, राखण करणे ही कामे मात्र दरवर्षीचीच असतात.

मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेळ्ळूर गावाचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे ठिपकेदार चोचीचे पेलिकन व चित्रबलाक गावातील खाजगी चिंचांवर घरटी करतात. घरट्यांच्या काळात चिंच उतरविता येत नाही आणि मालकाचे उत्पन्न बुडते. म्हणून वनखाते झाडांच्या मालकांना भरपाई देऊ लागले. पक्ष्यांच्या विष्ठेचे खतही शेताला मिळत आले आहे. २००७ मध्ये हे गाव सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. येथे ना बांध घातला गेला, ना मोठे यंत्र आले. ज्याचे नुकसान होत होते त्याच्या हाती थोडी रक्कम पडली, एवढेच.

यावरून अनुदानाची खरी कसोटी दिसते. रक्कम किती, यापेक्षा ती कोणाच्या हाती जाते, किती वर्षे पुरते आणि उथळ काठ राखते की नाही, हे महत्त्वाचे आहे. केंपांबुधीसारख्या तलावालाही एकदाच येणाऱ्या मोठ्या निधीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, दरवर्षी न चुकता मिळणाऱ्या लहान निधीची गरज असते.