कहाणीची ओळख कोण लिहिणार?

‘आटपाट नगर’ आलं की कहाणी सुरू झाली, ‘सुफळ संपूर्ण’ आलं की संपली, हे आपल्याला सांगावं लागत नाही. श्रावणात ऐकून ऐकून ते मुरलेलं असतं. पण मराठी विकिपीडियावर वाचणाऱ्या नवख्या माणसाला ते सांगावं लागतं.

२००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतं, दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारू शकतं. समजा, एकीनं लिहिलं, ‘कहाणी म्हणजे अंधश्रद्धा.’ दुसरीनं ते खोडून लिहिलं, ‘कहाणी ऐकली की पुण्य लागतं.’ ही दोन्ही मतं झाली. तिसरीनं एवढंच लिहावं: बऱ्याच कहाण्यांत कुणीतरी वसा घेतं, तो टाकला की संकट येतं, पुन्हा घेतला की सुख परततं. हे दोघींनाही नाकारता येणार नाही.

मजकूर पटला नाही, तर ‘चर्चा’ पानावर कारण लिहा. जुना मजकूर ‘इतिहास’मध्ये राहतो, म्हणून चुकायची भीती नको. मात्र आजीकडून ऐकलेलं आधार म्हणून चालत नाही. छापील पुस्तकासारखा विश्वासार्ह, प्रकाशित संदर्भ लागतो. सरोजिनी बाबर यांनी संपादित केलेले लोकसाहित्याचे ग्रंथ वाचनालयात विचारा.

कहाण्या आपल्या आज्यांनी जपल्या. त्यांची ओळख आपण लिहिली नाही, तर कधी न ऐकलेला कुणीतरी लिहील.