पुण्याची क्रीडापरंपरा

पुणे हे महाराष्ट्रातील मुळा व मुठा या नद्यांच्या संगमालगत वसलेले शहर आहे. पेशव्यांची राजधानी व विद्येचे माहेरघर म्हणून ते सर्वपरिचित आहे. पेठांमधील तालमी, इंग्रजांच्या लष्करी छावणीतील मैदाने आणि नागरिकांनी स्थापन केलेल्या संस्था या तीन प्रवाहांतून शहराचे क्रीडाजीवन घडले. शहरातील सामाजिक भेदाभेद व त्याविरुद्धचा संघर्ष यांचे प्रतिबिंबही त्यात आढळते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८च्या ताम्रपटात 'पुण्य विषय' असा या प्रदेशाचा उल्लेख येतो. इ.स. १७३२मध्ये शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली व पुणे मराठी सत्तेचे केंद्र बनले. नोव्हेंबर १८१७मधील खडकीच्या लढाईनंतर शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पेठांच्या पूर्वेस लष्कराची छावणी उभी राहिली आणि गाव व कॅम्प असे शहराचे दोन भाग पडले.

तालमी

पेशवाईच्या उत्तरकाळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. पेशवाईच्या अस्तानंतरही तालमी टिकून राहिल्या. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी दांडपट्टा व अन्य शारीरिक शिक्षण घेतले. पुढे १८४८मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा लहुजींनी फुले दांपत्याची पाठराखण केली.

छावणीतील खेळ आणि बाळू पालवणकर

क्रिकेट, पोलो व घोड्यांच्या शर्यती हे खेळ छावणीतून शहरात आले. बॅडमिंटनला आरंभी 'पूना' असेही नाव होते. इंग्रज अधिकाऱ्यांनी या खेळाचे नियम १८७३च्या सुमारास येथेच लिहून काढले, असे मानले जाते.

तत्कालीन अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील बाळू पालवणकर हे युरोपीयांच्या क्लबात मैदानाच्या देखभालीचे काम करीत. सरावासाठी ते जे. जी. ग्रेग यांना गोलंदाजी करीत असत. त्यांचे कौशल्य पाहून पुण्यातील हिंदू संघाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्याबरोबर खेळत. मात्र चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधी सोपवले गेले नाही. १९२३मध्ये ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

डेक्कन जिमखाना व ऑलिंपिक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात शिक्षणसंस्था, वृत्तपत्रे व सभा यांनी सार्वजनिक जीवन आकारास आणले. त्याच परंपरेत १९०६मध्ये डेक्कन जिमखान्याची स्थापना झाली. खो-खोसारख्या देशी खेळांना लिखित नियमांची चौकट देण्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.

१९१९मध्ये जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहताना अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना, अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांची कामगिरी युरोपीय खेळाडूंच्या जवळपास जाणारी वाटली. त्यांच्या पुढाकाराने १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. त्यात चार धावपटू व दोन मल्ल होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये धावले, तर कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्तीत कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले. १९२७मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

क्रिकेट

संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर (१८९२–१९९३) यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. डिसेंबर १९४८मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी करण्यास नऊ धावा उरल्या असताना प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळण्यास नकार दिला व हा विक्रम हुकला. १९७३मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा पुण्यात झाली. तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. १९९६च्या विश्वचषकात नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजचा अनपेक्षित पराभव केला. फेब्रुवारी २०१७मध्ये शहराबाहेरील गहुंजे येथे पहिला कसोटी सामना झाला.

बालेवाडी

१९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभारण्यात आले. २००८मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पार पडल्या. तालमीपासून सुरू झालेली ही परंपरा आता शासकीय संकुलांपर्यंत विस्तारली आहे. मात्र पेठांमधील काही जुन्या तालमींत तांबड्या मातीतील कुस्तीचा सराव आजही चालतो.