शिकतो श्वान, शिकावे लागते माणसाला!

मार्च १९९३ मधील साखळी बॉम्बस्फोटांनी मुंबई हादरली आणि त्यानंतर 'जंजीर' हे नाव घराघरांत पोहोचले. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील हा लॅब्रॅडोर जातीचा श्वान. तीन हजार ३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि सहा हजारांहून अधिक जिवंत काडतुसे शोधून काढण्याचे श्रेय त्याला दिले जाते. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याला पोलिसी इतमामात अखेरचा निरोप देण्यात आला.

पुण्यातील शिवाजीनगर येथे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन जंजीर डिसेंबर १९९२ च्या अखेरीस पथकात दाखल झाला, तेव्हा तो जेमतेम एक वर्षाचा होता. नेमक्या याच वयात शहरांतील कित्येक लॅब्रॅडोर मात्र घराबाहेर काढले जातात. कुणी सोफा कुरतडतो, कुणी पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, कुणी फिरायला नेणाऱ्यालाच फरफटत नेतो. 'हा काही ऐकत नाही,' असे म्हणून त्याची रवानगी गावाकडच्या शेतावर, प्राण्यांच्या निवाऱ्यात किंवा सरळ रस्त्यावर होते. जात तीच, नाक तेच, वयही तेच. मग एक शहराचा रक्षक होतो आणि दुसरा नकोसा का होतो? या प्रश्नाचे उत्तर श्वानाच्या बुद्धीत कमी आणि त्याला शिकवणाऱ्या माणसाच्या वागण्यात अधिक सापडते.

वासातून खेळ, खेळातून काम

माणसाच्या नाकात वास टिपणारे ग्राहक सुमारे ५० ते ६० लाख असतात, तर श्वानाच्या नाकात ते २० ते ३० कोटींच्या घरात असतात, असे मानले जाते. ही निसर्गाची देणगी. परंतु बॉम्ब म्हणजे काय, हे कोणत्याही श्वानाला ठाऊक नसते आणि प्रशिक्षणाच्या अखेरीसही ते कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की हा विशिष्ट वास सापडला की आपला लाडका चेंडू मिळतो.

प्रशिक्षणाची सुरुवात त्यामुळे खेळापासून होते. खेळण्याची तीव्र ओढ असलेले, आवाजाला न बिचकणारे पिल्लू प्रथम निवडले जाते. नंतर अनेक डब्यांपैकी एकात स्फोटकाचा नमुना ठेवतात. श्वानाने त्या डब्यावर नाक रोखले की त्याच क्षणी चेंडू मिळतो. हळूहळू डब्यांची जागा पेट्या, वाहने, खोल्या आणि गर्दीची स्थानके घेतात. पुढचा टप्पा इशाऱ्याचा. स्फोटक सापडल्यावर पंजाने उकरणे जिवावर बेतू शकते. म्हणून वास येताच स्तब्ध बसणे, हाच इशारा त्याला शिकवला जातो. स्फोटके आणि अमली पदार्थ यांसाठी सहसा वेगवेगळे श्वान तयार करतात, त्यामागचे कारणही व्यवहारी आहे. श्वान बसला म्हणजे समोर नेमके काय आहे, हे हाताळणाऱ्याला ठामपणे कळले पाहिजे.

देशात हे काम दीर्घकाळ चालू आहे. सीमा सुरक्षा दलाचे ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथील राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून कार्यरत आहे, तर लष्कराचे श्वान मेरठ येथील रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात घडतात. कामाच्या प्रकारानुसार मूळ प्रशिक्षण साधारण सहा ते नऊ महिने चालते. महत्त्वाची बाब म्हणजे या काळात श्वानाबरोबर त्याचा हॅण्डलरही शिकत असतो. ही जोडीच पुढे एकत्र काम करते.

दंडुक्याकडून बक्षिसाकडे

श्वान शिकतो कसा, याचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी दाखवून दिले, की अन्नाआधी ठरावीक संकेत वारंवार दिला तर पुढे केवळ त्या संकेतानेही श्वानाला लाळ सुटते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक आणि नंतर बी. एफ. स्किनर यांनी पुढचा धडा दिला : ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा घडते.

प्रत्यक्ष प्रशिक्षणात मात्र बराच काळ सक्तीचा वरचष्मा होता. जर्मनीतील पोलीस अधिकारी कर्नल कोनराड मोस्ट यांचे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक अनेक दशके लष्करी व पोलिसी प्रशिक्षणाचा पाया मानले गेले. त्यात बक्षीस होते, तसाच पट्ट्याचा हिसकाही होता. डॉल्फिनना शिकवणाऱ्या अमेरिकेच्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ मधील आपल्या पुस्तकातून वेगळी वाट लोकप्रिय केली. पाण्यात पोहणाऱ्या डॉल्फिनला पट्टा घालता येत नाही की फटका मारता येत नाही. तिथे शिट्टी आणि मासा हीच दोन साधने. श्वानासाठी शिट्टीच्या जागी 'टिक' असा आवाज करणारी छोटी डबी, म्हणजे क्लिकर आला. योग्य कृती घडल्याच्या क्षणी आवाज आणि लगोलग खाऊ, एवढीच ही पद्धत.

यातील कळीचा शब्द 'क्षण' हा आहे. श्वान बक्षिसाचा किंवा रागावण्याचा संबंध त्या घडीच्या कृतीशी जोडतो. मालक संध्याकाळी घरी येतो, सकाळी फाडलेली चप्पल पाहतो आणि श्वानाला बदडतो. श्वानाच्या लेखी त्याचा अर्थ एकच : मालक घरी आला की मार बसतो. त्याची मान खाली जाते, शेपटी पायात दडते आणि घरातील माणसे म्हणतात, 'बघा, चूक कळते त्याला!' वास्तविक ती कबुली नसून भीती असते.

'म्होरक्या'चा गैरसमज

'कुत्र्याला आपणच कळपाचे म्होरके आहोत हे दाखवून द्यावे लागते,' हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. त्याचे मूळ लांडग्यांच्या जुन्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून कळपातील वर्चस्वाची मांडणी केली आणि डेव्हिड मेच यांच्या १९७० मधील ग्रंथामुळे ती सर्वदूर पोहोचली. परंतु त्याच मेच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट केले, की निसर्गातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. मूळ आधारच निखळला, तरी त्याच्या नावाने श्वानाला जमिनीवर दाबून धरण्याचे प्रकार मात्र थांबलेले नाहीत.

त्याची किंमत श्वान मोजतो. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव श्वानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षेवर अधिक भर देणाऱ्या वर्गांतील श्वानांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाणही अधिक वाढलेले आढळले. वेल्सने तर २०१० मध्येच विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी घातली. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला विनाकारण वेदना होईल असे मारणे, तसेच आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे ही क्रूरताच आहे. 'शिस्त लावत होतो,' हे स्पष्टीकरण कायद्याच्या कसोटीवर टिकेलच असे नाही.

श्वान माणसाकडे पाहतो

श्वान वासाइतकेच बारकाईने आपल्या माणसालाही वाचतो. हीच त्याची मोठी शक्ती आणि हाच धोका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८ प्रशिक्षित जोड्यांना शोध घ्यायला लावले. शोधण्याजोगा एकही पदार्थ तिथे ठेवलेला नव्हता, पण काही ठिकाणी तो आहे, असे हॅण्डलरना सांगण्यात आले होते. १४४ फेऱ्यांपैकी अवघ्या २१ फेऱ्या एकाही चुकीच्या इशाऱ्याविना पार पडल्या! हॅण्डलरची अपेक्षा नकळत श्वानापर्यंत पोहोचली असावी किंवा त्याने श्वानाच्या साध्या हालचालीलाच इशारा मानले असावे. दोष कुठेही असला, तरी जोडीतील माणूस त्यात होताच.

न्यायालयांनी या बाबतीत दाखवलेली सावधगिरी म्हणूनच अर्थपूर्ण ठरते. महाराष्ट्रातील एका खटल्यात १९६९ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने माग काढणाऱ्या श्वानाच्या पुराव्यावरील आक्षेपांचा विचार केला. श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी घेता येत नाही. असा पुरावा विचारात घेतला, तरी त्याला एरवी फारसे वजन देता येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. तपासाला दिशा देणे वेगळे आणि गुन्हा सिद्ध करणे वेगळे.

चूक टाळण्याचा एक मार्ग म्हणजे दुसऱ्या श्वानाकडून खातरजमा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या 'ज्युली'ने एका ढिगाऱ्यापाशी भुंकून इशारा दिला. जवानांनी 'रोमिओ' या दुसऱ्या श्वानाला तिथे नेले. त्यानेही तोच इशारा दिला आणि त्या ढिगाऱ्याखालून सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर आली.

खेळाचे मैदान

श्वानांच्या क्रीडा प्रकारांचा उगमही अनेकदा कामातच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत जर्मन शेफर्ड श्वान कामास योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी 'शुट्झहुंड' ही चाचणी तयार झाली. आज 'आयजीपी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग असतात. अडथळ्यांच्या शर्यतीची, म्हणजे 'ॲजिलिटी'ची सुरुवात १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनातील मनोरंजनाच्या कार्यक्रमातून झाली. उड्या, बोगदा, तोल सांभाळण्याची फळी आणि घड्याळाशी स्पर्धा, असे त्याचे स्वरूप आहे.

संरक्षणाच्या खेळात श्वान ज्याच्यावर झेप घेतो, त्या माणसाच्या हातावर जाड बाही असते. तिचा चावा घेणे हा त्याच्यासाठी खेळ असतो आणि आज्ञा होताच ती सोडणे, हा त्या खेळाचा सर्वात कठीण भाग. अर्धवट जाणकारांकडून घरच्या श्वानाला 'अटॅक ट्रेनिंग' देण्याचा सोस म्हणूनच घातक आहे. चावायला शिकवणे सोपे असते, सोडायला शिकवणे नव्हे. उद्या दारात येणारा कुरियरवाला किंवा शेजारचे मूल त्याची किंमत मोजू शकते.

घरचा अभ्यास

घरातील श्वानाला बॉम्ब शोधायचा नसतो. बोलावल्यावर येणे, ओढाताण न करता चालणे, तोंडातील वस्तू सोडणे, एकटे असताना शांत राहणे आणि पाहुण्यांचे चारही पाय जमिनीवर ठेवून स्वागत करणे, एवढे जमले तरी कुटुंबाचे आणि सोसायटीचे आयुष्य सुखाचे होते.

याचा पाया फार लवकर घातला जातो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत केलेल्या आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संशोधनानुसार तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीत निर्णायक असतो. या काळात लहान मुले, छत्री, लिफ्ट, रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी यांची सुखद ओळख झाली, तर पुढे भीती कमी राहते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये हे खरेच, पण कडेवर घेऊन जग दाखवण्यास हरकत नसते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दोन्हींचा मेळ घालता येतो.

धडा पाच मिनिटांचा असावा, दिवसातून दोन-तीन वेळा. शब्द घरातील सर्वांचा एकच असावा. वडील 'सिट' म्हणणार, आई 'बस' आणि मुले 'खाली', तर श्वानाने कुणाचे ऐकावे? दुसरी नेहमीची अडचण जेवणाच्या पानाशी असते. सगळे 'देऊ नका' म्हणत असताना आजी हळूच पोळीचा तुकडा टाकतात. दहा वेळा काही न मिळता अकराव्या वेळी मिळालेला तुकडा त्या हट्टाला अधिकच चिवट करतो. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्यासारखा श्वान प्रत्येक जेवणाला आशेने बसून राहतो. उडी मारणाऱ्या श्वानाला 'खाली हो' असे ओरडत ढकलणे, हेही त्याच्या दृष्टीने लक्ष मिळणेच असते. त्याऐवजी पाठ फिरवावी आणि चारही पाय टेकताच कौतुक करावे.

सहा महिन्यांनंतर श्वान वयात येतो आणि आधी शिकलेलेही विसरल्यासारखा वागतो. याच टप्प्यावर अनेक कुटुंबे हात टेकतात. वास्तविक हा काळ सरतो. धडे पुन्हा पहिल्यापासून, शांतपणे आणि पुरेशा व्यायामासह घेणे हाच उपाय. अचानक आलेली आक्रमकता वा हट्ट यामागे कानदुखी किंवा सांधेदुखीही असू शकते. म्हणून प्रशिक्षकाआधी पशुवैद्यकाकडे जाणे श्रेयस्कर.

प्रशिक्षक निवडताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : श्वान चुकला तर तुम्ही काय करता? आणि शिकवताना घरच्यांना हजर राहता येईल का? महिनाभर श्वान ताब्यात घेऊन 'तयार' करून देण्याच्या आश्वासनात एक मेख आहे. तो प्रशिक्षकाचे ऐकायला शिकतो. घरी परतल्यावर शब्द, आवाज आणि सवयी सगळेच बदललेले असते.

जंजीरसारखा श्वान लाखांत एखादा असेल, पण त्याला घडवणारी रीत दुर्मीळ नाही : लवकर सुरुवात, नेमका क्षण, सातत्य आणि काम बरोबर झाल्याची पावती. दारी आणलेले पिल्लू दहा-बारा वर्षांचे नाते घेऊन येते. त्याला घरात आणण्याचा निर्णय माणसाचा असतो, त्यामुळे शिकवण्याचे कष्टही त्याच्याच वाट्याचे. वर्षभरात 'हा ऐकत नाही' म्हणून त्याला दाराबाहेर काढण्यापूर्वी, आपण त्याला कधी समजेल असे सांगितले होते का, हे प्रत्येक मालकाने स्वतःला विचारायला हवे.