गोदामासाठी स्कॅनर घेताय? जुलैत तपासून घ्या!

खोपोली-सावरोली पट्ट्यात गोदामासाठी हँडहेल्ड स्कॅनर घेणार असाल, तर एक कळकळीचं सांगणं: निवड एसी ऑफिसात बसून करू नका. बोरघाटाखालचा पाऊस कोसळत असताना, ट्रक लागलेल्या डॉकवर करा. खोक्यांवर पाण्याचे ओघळ, प्लॅस्टिकच्या वेष्टनाखाली सुरकुतलेला बारकोड, हातात ओले ग्लोव्हज. कोड वाचायला वापरलेला साधा फोन इथेच अडतो. कॅमेरा फोकस शोधत राहतो, आणि स्क्रीनवर थेंब पडला की भलतंच बटण दाबलं जातं. वेगळं स्कॅन इंजिन आणि कडेला दाबायचं बटण असलेलं यंत्र तोच कोड क्षणात ‘टीप’ करून वाचतं.

आयपी रेटिंग जरूर बघा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही, पाण्याचा झोतही चालतो. ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग. माझ्या मते गोदामाला ६५ पुरतं. वाचलेले पैसे जादा बॅटऱ्यांत घाला, चालू शिफ्टमध्ये बदलता येतील अशा.

आणि वजन! ते मनगटाला आठ तास पेलायचं असतं. खरेदीआधी दोन-तीन नमुने पिकिंग करणाऱ्या ताईंना आठवडाभर वापरायला द्या. त्या नको म्हणाल्या, तर दुसरा नमुना मागवा.