डफरिनचे नाव, डफरिनची मुले

उत्तनच्या किनाऱ्यावरच्या होड्यांची नावे मी नेहमी वाचतो. देव, संत, आई, लेक. ज्याची कृपा हवी किंवा ज्याच्यावर माया आहे, त्याचे नाव कोळी आपल्या होडीला देतो. मुले घडवणाऱ्या जहाजांचा न्याय वेगळा. मुलांनी कोणाकडे पाहून मोठे व्हावे, हे तिथे नाव ठेवणारा सांगतो. १९६६ साली इंग्लंडमध्ये तरुणांसाठी बांधलेल्या तीन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजाला नुकत्याच वारलेल्या चर्चिलचे नाव दिले गेले, ते याच भावनेतून.

मुंबईची कथा मात्र उलटी घडली. ‘डफरिन’ हे १९०४ साली बांधलेले, सैनिकांची ने-आण करणारे जहाज. नाव १८८४ ते १८८८ या काळातल्या व्हाइसरॉयचे. त्याच्या कारकिर्दीत मुंबईत काँग्रेस जन्मली. जाता जाता, १८८८ साली कलकत्त्याच्या भाषणात, त्याने राजकीय हक्क मागणाऱ्या सुशिक्षितांना सूक्ष्मदर्शकातून पाहावे लागावे इतके अल्पसंख्य ठरवले.

व्यापारी जहाजांवर हिंदी माणूस खलाशी असे, अधिकारी क्वचितच. कायदेमंडळातल्या हिंदी सभासदांनी प्रशिक्षणाची मागणी लावून धरली, आणि १९२७ पासून माझगावसमोर नांगरलेल्या ‘डफरिन’वर हिंदी मुले अधिकारी होण्यासाठी शिकू लागली. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८ साली नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. डफरिनच्या त्या भाषणाला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.

पुढे नावे बदलली. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्रिटिश अमदानीतच लोणावळ्याच्या अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्राला ‘शिवाजी’ हे नाव मिळाले. घाटमाथ्यावर जहाज कसले, असे वाटेल. पण नौदलाच्या रिवाजात किनाऱ्यावरचे केंद्रही जहाजच मानतात. माझ्या मते, हिंदी तरुणांना कोणाचे नाव आपले वाटते, हे तोवर राज्यकर्त्यांना उमगले होते. तरी वर्षभरानंतर, १८ फेब्रुवारी १९४६ला, मुंबईच्या ‘तलवार’ या अशाच केंद्रातून नाविकांचा उठाव सुरू झाला.

१९७२ साली ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ साली नवी मुंबईत करावे येथे, जमिनीवर, ‘चाणक्य’ उभे राहिले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावाध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत, म्हणून नाव चपखल आहे. पण नाव ठेवणाऱ्याच्या हाती एवढेच असते. डफरिनची पाटी मिरवूनही कटारींची तुकडी डफरिनची झाली नाही.