पंपाला जीभ नसते

मी फौजेत ईएमईमध्ये होतो, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारी शाखा. निवृत्तीनंतर सिकंदराबादलाच राहिलो. आज पंपाबद्दल बोलणार आहे, पण पाण्याच्या नाही.

लेक बाळंतपणाला आली होती. 5 आठवड्यांनी तिनं पहिल्यांदा ब्रेस्ट पंप लावला. अर्ध्या तासात बाटलीत जेमतेम 30 मिली. "बाबा, मला दूधच नाही हो," म्हणून रडायला लागली. बायकोनं पावडरच्या डब्यासाठी मला दुकानात पिटाळलंसुद्धा. पण नातीचं वजन वाढत होतं, दिवसाला 6-7 लंगोट ओले होत होते. मग दूध नाही कसं? डबा न आणता वाचायला बसलो. बालरोगतज्ज्ञांनाही विचारलं.

बाळ नुसतं बोंड ओढत नाही. भोवतीचा काळा भागही तोंडात घेतं, ओठांनी हवाबंद करतं. जीभ खाली गेली की तोंडातला दाब उतरतो आणि दूध येतं. पंपही दाब उतरवूनच ओढतो, पण त्याला जीभ नाही, अंगाची ऊब नाही.

आणि खरी मोटर आईच्या डोक्यात! चोखल्याचा निरोप मेंदूला पोचला की ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या बारीक स्नायुपेशी आवळतात, दूध पुढे ढकललं जातं. हाच पान्हा. बाळाच्या रडण्यानंही तो फुटतो, ताणानं आणि दुखण्यानं अडतो. बाटलीच्या रेघांवर डोळे लावून बसलेल्या पोरीला तो फुटणार कसा? शिवाय पंपाचा कप लहान होता, बोंड घासत होतं. माझ्या वर्कशॉपमध्ये चुकीचा वॉशर लावला असता तर मी जवानाला झापलं असतं!

तेव्हा पंपात किती आलं, हे दूध किती आहे याचं माप नव्हे. स्तन भरलेला राहिला की दूध बनणं मंदावतं, रिकामा होत गेला की वाढतं. म्हणून बाळ दूर असेल तर पंप हवाच. अपुऱ्या दिवसांच्या, चोखता न येणाऱ्या बाळांना तर काढलेलं दूधच तारतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये दुधाची पेढी काढली ती अशाच बाळांसाठी.

लेकीची 26 आठवड्यांची रजा संपली की पंप रोज लागणार आहे. मोठा कप आणलाय. आता ती नातीला जवळ घेऊन, बाटलीवर मोजा चढवून पंप लावते. मोज्याची युक्ती माझी.